जेझुइट विद्यालये : शिक्षकपुरवठा आणि समन्वय

रोमन कॅथलिक पंथातील जेझुइट संघाने (स्थापना १५४०) सोळाव्या शतकापासून चालविलेल्या विद्यालयांना शिक्षक पुरविण्याची व त्यांचा कारभार एकसूत्री ठेवण्याची व्यवस्था. संघाच्या संस्थापकांच्या मनात शाळा नव्हत्या. फिरत्या धर्मप्रचारकांचा संघ त्यांना अभिप्रेत होता.

पहिले विद्यालय कोणते, याविषयी एकमत नाही. गोव्यातील सांता फे (पुढे सेंट पॉल) महाविद्यालयात जेझुइट १५४३ च्या सुमारास शिकवू लागले. पण ती संस्था १५४१ मध्ये इतरांनी स्थापन केलेली होती आणि तिचा पूर्ण ताबा संघाकडे बहुधा १५४८-४९ च्या सुमारास आला. स्पेनमधील गांदिया येथे १५४६ मध्ये संघाबाहेरील विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळाला. तेथील मूळ हेतू मात्र संघाच्याच उमेदवारांचे शिक्षण हा होता. बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठीच काढलेले विद्यालय ही कसोटी लावल्यास सिसिलीतील मेसीना (१५४८) येथील विद्यालयाकडे अग्रमान जातो व तेच मत अधिक ग्राह्य वाटते. तेथे हेरोनिमो नादाल यांच्यासह दहा जण पाठविण्यात आले होते.

संघाचे प्रमुख संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या मृत्यूसमयी (१५५६) विद्यालये सुमारे ३५ होती. शिक्षण विनाशुल्क असल्याने खर्च देणग्या व स्थावर उत्पन्नातून भागे. पैशापेक्षा माणसांची टंचाई अधिक जाचक ठरली. १५६५ च्या महासभेने (संघाच्या सर्वोच्च प्रतिनिधिसभेने) नवी विद्यालये स्वीकारताना संयम राखण्याचा ठराव केला. व्याकरणाचे खालचे वर्ग बहुशः तत्त्वज्ञान संपवून ईश्वरशास्त्राकडे वळण्यापूर्वी काही वर्षे अध्यापन करणाऱ्या तरुण सदस्यांवर सोपविले जात. त्यामुळे शिक्षक सतत बदलत. यावर उपाय म्हणून ‘रात्सिओ स्तुदिओरुम’ (१५९९) या अभ्यासनियमावलीने व्याकरण व वक्तृत्वाचे शक्य तितके कायम शिक्षक मिळवावेत, असे प्रांतप्रमुखांना (संघाच्या प्रादेशिक विभागांच्या प्रमुखांना) बजावले. भावी शिक्षकांनी आठवड्यातून तीनदा तासभर अनुभवी अध्यापकाकडे सराव करावा, असेही सांगितले. संघाचे महाप्रमुख क्लाउदिओ आक्वाविवा यांच्या कारकिर्दीत या नियमावलीचे १५८६ व १५९१ चे मसुदे प्रांतांकडे अभिप्रायासाठी गेले होते.

समन्वयाची साखळी रेक्टर (विद्यालयाचा प्रमुख), प्रांतप्रमुख व रोममधील महाप्रमुख अशी होती. रेक्टरने प्रांतप्रमुखाला दर आठवड्याला पत्र लिहावे, असा संघाच्या घटनेतील दंडक; तो सर्वत्र पाळला गेला असेल, हे संभवत नाही. गोव्याहून तर पत्रे वर्षातून एकदाच, परतीच्या पोर्तुगीज ताफ्याबरोबर जात. दर तीन वर्षांनी रोमला पाठवायच्या सदस्यांच्या दोन याद्या नेमणुकांसाठी अधिक उपयोगी ठरल्या. पहिलीत प्रत्येकाचे वय, जन्मस्थान, प्रकृती, शिक्षण व केलेली कामे, तर दुसरीत बुद्धी, विवेक, अनुभव, स्वभाव व कोणत्या कामास योग्य याचे मूल्यमापन असे. दुसऱ्या यादीत सहसा नावाऐवजी पहिलीतील क्रमांक घालीत.

१७७३ मध्ये पोपने संघ विसर्जित केल्यावर ही व्यवस्था मोडली. १८१४ मध्ये संघाचे पुनरुज्जीवन झाले व १८३२ मध्ये नियमावलीची सुधारित आवृत्ती निघाली. मुंबईतील सेंट झेवियर्स महाविद्यालय (१८६९) पुनरुज्जीवनोत्तर काळातील आहे.