सेंट मॉरिट्झचा हिवाळी हंगाम

सेंट मॉरिट्झ हे स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांतातील, एंगाडीन खोऱ्यात सुमारे १,८०० मी. उंचीवर वसलेले गाव. कायम वस्ती जेमतेम पाच हजारांची; पण डिसेंबर ते मार्च या काळात येथे शर्यती, खेळ आणि मेजवान्यांचा जो हंगाम भरतो, त्यामुळे जगातील नामांकित हिवाळी गिरिस्थानांत त्याची गणना होते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथे पाहुणे येत ते उन्हाळ्यात, लोहयुक्त झऱ्यांचे पाणी प्यायला. थंडी पडू लागली की हॉटेले ओस पडत. १८६४ मध्ये योहानेस बाद्रुट या हॉटेलमालकाने परतीच्या तयारीतल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली, अशी कथा सांगतात : हिवाळ्यात या, इथले ऊन आवडले नाही तर प्रवासखर्च माझा. पाहुणे आले आणि वसंतापर्यंत हलले नाहीत. कथेला हॉटेलवाल्यांनी पुढे बरीच कल्हई केली असणार. तरी आल्प्समधल्या हिवाळी पर्यटनाचा आरंभ याच पैजेपासून मोजण्याचा प्रघात आहे.

आता चार महिने या रिकाम्या मंडळींनी करायचे काय? त्यांनी सामान वाहायच्या घसरगाड्या घेतल्या आणि गावच्या उतरत्या गल्ल्यांतून घसरायला सुरुवात केली. पादचाऱ्यांना धडका बसू लागल्या, तेव्हा वेगळा मार्ग बांधणे भाग पडले. १८८४-८५ च्या हिवाळ्यात तयार झालेली ‘क्रेस्टा रन’ ही बर्फाची घसरण अशी जन्मली. साधारण १,२०० मी. लांबीच्या या वाटेवरून स्वार पालथा पडून, डोके पुढे करून खाली येतो. वेग ताशी १२५ किमी.च्या वर जातो. ब्रेक म्हणजे बुटांना लावलेले लोखंडी दाते, एवढेच. ‘शटलकॉक’ नावाच्या वळणावर जो बाहेर फेकला जातो, तो त्याच नावाच्या क्लबचा आपोआप सभासद होतो आणि त्याला खास टायही मिळतो. या खिलाडूपणाला एक मोठा अपवाद होता : १९२९ पासून स्त्रियांना येथे बंदी होती, ती थेट २०१८ मध्ये उठली.

शेजारची बॉबस्ले, म्हणजे बसून चालवायच्या घसरगाडीची, धाव १९०४ ची. तिच्यात काँक्रीट नाही, शीतयंत्रे नाहीत; बर्फ आणि पाणी यांच्या मिश्रणातून कारागिरांची तुकडी ती दर हिवाळ्यात नव्याने हाताने घडवते आणि वसंतात ती वितळून जाते.

हिवाळी ऑलिंपिक येथे दोनदा झाले, १९२८ आणि १९४८ मध्ये. पहिल्या वेळी ऐन स्पर्धांत फ्योन हा उबदार वारा सुटला, बर्फ पाझरू लागला आणि १०,००० मी. स्केटिंगची शर्यत अर्ध्यातच सोडून द्यावी लागली. दुसऱ्या वेळी क्रेस्टावरचे सुवर्णपदक इटलीच्या नीनो बिब्बियाने जिंकले. हा गडी सेंट मॉरिट्झमध्येच भाजीफळांच्या धंद्यात होता!

हंगामाचे खरे मैदान मात्र गावाखालचा तलाव. उन्हाळ्यात जिथे शिडाच्या होड्या फिरतात, तिथे बर्फ पुरेसा जाड झाला की तंबूंचे एक गावच उभे राहते. १९०७ पासून येथे घोड्यांच्या शर्यती होतात. ‘व्हाइट टर्फ’ नावाने त्या आता फेब्रुवारीतल्या रविवारी भरतात. त्यांतली स्कीयोरिंग ही सर्वांत बघण्याजोगी : घोड्यावर स्वार नसतो, लांब लगाम धरलेला स्कीपटू मागून ओढला जातो आणि खुरांनी उधळलेला बर्फ थेट त्याच्या तोंडावर येतो. बर्फावरचा पोलो १९८५ मध्ये सुरू झाला. आचाऱ्यांचा खाद्यमहोत्सव, जुन्या मोटारींचे प्रदर्शन ही अलीकडची भर. त्यांत खेळापेक्षा श्रीमंतीची मिरवणूकच अधिक.

क्रिकेटही या तलावावर १९८८ पासून खेळले जाते. भारतात त्याची चर्चा झाली ती फेब्रुवारी २०१८ मधल्या दोन सामन्यांमुळे. वीरेंद्र सेहवाग आणि शाहिद आफ्रिदी यांच्या संघांत झालेल्या या सामन्यांत श्रीरामपूरचा झहीर खान आणि मुंबईचा अजित आगरकर हेही सेहवागच्या बाजूने होते. गोठलेल्या पाण्यावर चटई अंथरून खेळपट्टी केली होती. दोन्ही सामने आफ्रिदीच्या संघाने जिंकले.

पाहुण्यांच्या या करमणुकींहून एंगाडीनचा स्वतःचा सण जुना आहे. १ मार्चला ‘चालांदामार्झ’ असतो. शाळकरी मुले गुरांच्या गळ्यातल्या घंटा घेऊन, रोमान्श या तिथल्या भाषेतली गाणी म्हणत गावभर हिंडतात आणि घंटांच्या गजराने हिवाळ्याला हुसकून लावतात. ज्या हिवाळ्यावर गावाची हॉटेले चालतात, त्यालाच गावची पोरे दरवर्षी वाजतगाजत हाकलतात, ही गंमत पाहुण्यांच्या क्वचितच ध्यानात येते. अर्थात हिवाळाही लगेच ऐकत नाही. मार्चच्या दुसऱ्या रविवारी मालोयाहून एंगाडीन स्की मॅरेथॉन सुटते, तेव्हा वाटेतले तलाव एरवी गोठलेलेच असतात आणि हजारो स्कीपटू त्यांच्यावरूनच पुढे जातात. ४२ किमी.ची ही शर्यत १९६९ पासून चालू आहे.