मिगेल दा पाझ आणि हुकलेली आयबेरियन युती

मिगेल दा पाझ (१४९८–१५००) हा पोर्तुगालचा राजा मॅन्युएल पहिला आणि स्पेनची राजकन्या इसाबेल यांचा मुलगा. कॅस्टिल आणि अरागॉन (हीच दोन मिळून स्पेन) तसंच पोर्तुगाल, तिन्ही राज्यांनी रीतसर शपथ घेऊन त्याला वारस मानलं होतं. तो जगला असता तर काय झालं असतं, हा पर्यायी इतिहासातला प्रश्न बरेच जण नकाशा रंगवून सोडवतात, सगळा आयबेरिया, म्हणजे स्पेन-पोर्तुगालचं द्वीपकल्प, एका रंगात की झालं काम, पण माझ्या मते बघायला हव्यात शपथांच्या अटी.

मुळात हा वारसा त्याच्याकडे यायचाच नव्हता. अरागॉनचा राजा फर्डिनांड आणि कॅस्टिलची राणी इसाबेला यांचा एकुलता एक मुलगा हुआन ऑक्टोबर १४९७ मध्ये वारला, त्याच्या बायकोला दिवस गेले होते पण मूल मेलेलंच जन्मलं, मग हक्क आला थोरल्या मुलीकडे, म्हणजे मिगेलच्या आईकडे. ही इसाबेल आधी पोर्तुगालच्याच युवराजाला दिलेली, तो १४९१ मध्ये घोड्यावरून पडून गेला. मॅन्युएलशी दुसरं लग्न ठरताना स्पेनकडून अट आली की आधी ज्यूंना देशाबाहेर काढा, त्याने ती मानली आणि १४९७ मध्ये हजारो ज्यूंना जबरदस्तीने ख्रिस्ती केलं गेलं. या सोयरिकीची पहिली किंमत ज्यूंनी मोजली, हे नकाशे रंगवताना विसरू नये.

१४९८ च्या उन्हाळ्यात सगळा दरबार सारागोसात मुक्कामाला होता कारण अरागॉनची कोर्तेस, म्हणजे प्रतिनिधींची सभा, बाईला वारस मानायला तयार होईना. बोलणी लांबत गेली, २३ ऑगस्टला मिगेल जन्मला आणि आई बाळंतपणातच गेली. मुलगा झाला म्हटल्यावर अरागॉनचा आक्षेप संपला आणि सप्टेंबरमध्ये त्याच सभेने तान्ह्या बाळाच्या नावाने शपथ घेतली, मग जानेवारीत ओकान्याला कॅस्टिलने आणि मार्च १४९९ मध्ये लिस्बनला पोर्तुगालने. लिस्बनला मॅन्युएलने लिहून दिलं की उद्या राजा एक झाला तरी पोर्तुगालचा कारभार आणि पदं पोर्तुगिजांकडेच राहतील. म्हणजे राजा एक पण चुली वेगळ्या.

जुलै १५०० मध्ये, दोन वर्षं पूर्ण व्हायला महिनाभर राहिला असताना, मिगेल ग्रानाडात आजीआजोबांकडे वारला. तिथल्या राजचॅपेलच्या तळघरात आजीआजोबांच्या शिशाच्या पेट्यांजवळ त्याची लहानशी पेटी आहे. वारसा गेला मावशी हुआनाकडे आणि तिच्या पाच महिन्यांच्या मुलाकडे, तोच पुढे सम्राट चार्ल्स पाचवा. मॅन्युएलने त्याच वर्षी मेहुणी मारियाशी लग्न केलं, आणि त्या दोघांचा नातू फिलिप दुसरा याने १५८० मध्ये पोर्तुगाल घेतलं, पण सैन्य घुसवून. १५८१ मध्ये पोर्तुगालमधल्या तोमारला त्याने १४९९ सारख्याच अटी मान्य केल्या, तरी १६४० मध्ये युती तुटलीच.

मिगेल जगता तर १५०४ मध्ये सहाव्या वर्षी कॅस्टिलचा, १५१६ मध्ये अरागॉनचा आणि १५२१ मध्ये तेविसाव्या वर्षी पोर्तुगालचा राजा झाला असता. खरा धोका मला पहिल्या टप्प्यात दिसतो, सहा वर्षांच्या राजाच्या नावाने कॅस्टिल कोण चालवणार, आजोबा की वडील, यावर दोघांचं जोरात वाजलं असतं. पण ते निभावलं असतं तर राजा या मातीतला असता. चार्ल्स कॅस्टिलमध्ये आला तेव्हा त्याला तिथली भाषाही येत नव्हती, आणि १५२० च्या बंडामागे हा परकेपणाही होता. चार्ल्सकडे नेदरलँड्स आणि ऑस्ट्रिया राहिलेच असते, फक्त त्यांच्या लढायांना कॅस्टिलची चांदी मिळाली नसती, आणि पुढे डचांनी बंड केलं असतं तरी ते स्पेनच्या राजाविरुद्ध नसतं. मोलुक्का या मसाल्याच्या बेटांवरच्या हक्कासाठी १५२९ मध्ये पोर्तुगालला चार्ल्सला साडेतीन लाख डुकाट (सोन्याची नाणी) मोजावे लागले, ते कारणही उरलं नसतं.

गोवा बहुतेक १५१० मध्ये असाच पडला असता, गोवा घेणाऱ्या पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कची जहाजं लिस्बनहून येत होती आणि तिथे १५२१ पर्यंत मॅन्युएलच होता. मुंबईचं मात्र वेगळं आहे. स्पेनपासून फुटलेल्या पोर्तुगालला इंग्लंडचा आधार हवा होता म्हणून १६६१ च्या करारात राजकन्या कॅथरीनच्या हुंड्यात मुंबई दिली गेली, आणि १६४० ची फाटाफूटच नसती तर ती सोयरीक करायची गरजही पडली नसती.