ठोकळ्यांची चित्रं इतकी जड का होतात?

१९८५ साली आलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा व्हिडिओ गेम ४० केबीत बसत होता. चित्रं, संगीत, बत्तीस पातळ्या, सगळं धरून. एक एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला दहा लाख बिटांच्या मंद लाइनवरून तो आज उतरवायला घेतला, तर सेकंदाचा एकतृतीयांश भाग पुरेल. त्याच जमान्याचं ठोकळेबाज रूप मुद्दाम घेतलेले आजचे काही इंडी गेम, म्हणजे एकट्याने किंवा छोट्या गटाने स्वतंत्रपणे केलेले गेम, मात्र एक जीबीच्या पुढे जातात, आणि एक जीबीला त्याच लाइनवर सव्वादोन तास लागतात. तेही मध्ये लाइन तुटली नाही तर.

मारिओ ज्या यंत्रासाठी लिहिला गेला, त्यात कामाची मेमरी फक्त २ केबी होती. पडद्यावरचं चित्र ८×८ पिक्सेलच्या तुकड्यांतून जुळवलं जाई. दर पिक्सेलला दोन बिट, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे अख्खा तुकडा १६ बाइटचा. तोच तुकडा पुन्हा पुन्हा वापरायचा, रंग बदलून वापरायचा: मारिओतला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त एक पांढरं आणि एक हिरवं. संगीतही बहुतांशी रेकॉर्ड केलेलं नसे. कोणता सूर किती वेळ वाजवायचा याची यादी तेवढी साठवायची, प्रत्यक्ष वाजवायचं काम आवाजाच्या चिपचं.

आजचा गेम त्यातलं रूप उचलतो, हिशेब उचलत नाही. सगळी सोंगं आणता येतात, कमी जागेचं तेवढं आणता येत नाही.

१६×१६ पिक्सेलचं एक पात्र घ्या. जुन्या पद्धतीने ते ६४ बाइटमध्ये मावतं. आजच्या नेहमीच्या पद्धतीत दर पिक्सेलला चार बाइट, म्हणून १,०२४ बाइट. आता मोठ्या पडद्यावर ठसठशीत दिसावं म्हणून चित्रकाराने तेच चित्र दहापट ताणून जतन केलं, तर १०० केबी. सोळाशे पट वजन, आणि डोळ्याला दिसणारी माहिती तेवढीच! पीएनजीसारखे चित्र साठवण्याचे प्रकार एकसारखे पिक्सेल कमी जागेत छान दाबून बसवतात, त्यामुळे डिस्कवर हा फुगवटा बराच उतरतो. पण गेम चालताना ते चित्र ग्राफिक्स मेमरीत पूर्ण उलगडून ठेवावं लागतं.

त्यात एक गंमत आहे. ग्राफिक्स चिपला थेट वाचता येतील अशा दाबण्याच्या जुन्या, सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धती चित्राचे ४×४ चे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनासाठी दोनच रंग ठरवून मधल्या छटा अंदाजाने भरतात. फोटोसारख्या चित्रात हे खपून जातं. ठोकळ्यांच्या चित्रात प्रत्येक पिक्सेल हाताने ठेवलेला असतो, तिथे कडा लगेच मळकट दिसतात. म्हणून पिक्सेल आर्ट करणारे हे दाबणं बंदच ठेवतात. म्हणजे ज्या चित्रांत माहिती सगळ्यात कमी, तीच मेमरीत न दाबता ठेवली जातात.

आवाजाचा प्रकार याहून सरळ आहे. सीडीच्या दर्जाचं न दाबलेलं संगीत मिनिटाला सुमारे दहा एमबी खातं. तासाभराच्या संगीताचे सहाशे एमबी झाले. तेच ऑग या ध्वनिफाइलच्या प्रकारात नीट दाबलं तर साठ-सत्तर एमबीत भागतं, आणि फरक बहुतेकांच्या कानाला कळणार नाही. एवढा फायदा इतक्या कमी कष्टात दुसरीकडे कुठेच मिळत नसावा, तरी ही पायरी राहून जाते.

चालवतानाही तीच गत. ३२०×१८० च्या पडद्यावर ५७,६०० पिक्सेल असतात, फोरके (३८४०×२१६०) पडद्यावर त्याच्या १४४ पट. चित्र आधी लहान आकारात रंगवून शेवटी एकदा मोठं केलं तर साधा लॅपटॉपही निभावून नेतो. प्रत्येक धूर, प्रकाश आणि जुन्या टीव्हीचा भास देणारी जाळी फोरकेत मोजली, तर पंखा घुरघुरू लागतो.

दोष सगळा आळशीपणाचा नाही. तयार इंजिन, म्हणजे गेमचा पाया म्हणून मिळणारं आयतं सॉफ्टवेअर, घेतलं की त्याचं ओझं येतं, पण एकट्या माणसाची काही वर्षंही वाचतात. 'सेलेस्ट' हा गेम २०१५ मध्ये पिको-८ या मुद्दाम तोकड्या ठेवलेल्या काल्पनिक गेम-यंत्रावर पहिल्यांदा झाला तेव्हा ३२ केबीच्या मर्यादेत होता. २०१८ चा पूर्ण गेम एक जीबीच्या वर गेला. त्या वाढीत शेकडो नवे प्रसंग आणि रेकॉर्ड केलेलं संगीत आहे, निव्वळ चरबी नाही. उलट बाजूला २०२४ चा 'अ‍ॅनिमल वेल': स्वतःचं इंजिन, ३२०×१८० चं चित्र, आणि आकार ४० एमबीच्या आत. एक एमबीपीएसवर तो साडेपाच मिनिटांच्या आत उतरतो. मात्र त्याच्या कर्त्याने त्यावर सुमारे सात वर्षं घालवली.

गावाकडच्या लाइनला हे ओझं जास्त का जाणवतं? तांब्याच्या तारेत अंतराबरोबर संकेत क्षीण होतो, आणि वरच्या फ्रिक्वेन्सी आधी गळतात. मोबाइल टॉवरपासून दूर गेलं की फोन एका वेळी सहा बिटांऐवजी दोनच बिट पाठवू लागतो, कारण गोंगाटातून तेवढेच ओळखता येतात. शिवाय एकाच टॉवरची क्षमता भोवतालच्या सगळ्यांत वाटली जाते. ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहातून विचारणा आणि उत्तर यांतच जवळजवळ अर्धा सेकंद जातो.

आणि उतरवणं एकदाच होत नाही. स्टीमसारखं गेम विकणारं ऑनलाइन दुकान फाइलचे साधारण एक एमबीचे तुकडे करतं आणि बदललेले तुकडेच पाठवतं. पण सगळी सामग्री एकाच गठ्ठ्यात सलग दाबलेली असेल, तर सुरुवातीचं एक अक्षर बदललं तरी पुढचे सारे बाइट वेगळे निघू शकतात. शुद्धलेखनाच्या एका दुरुस्तीपायी मग शेकडो एमबी पुन्हा उतरतात. प्रत्येक चित्र, प्रत्येक ध्वनी वेगवेगळा दाबून गठ्ठ्यात ठेवला आणि भाषांचे संवाद स्वतंत्र फाइलमध्ये काढले, तर तीच दुरुस्ती एक-दोन तुकड्यांत मिटते. हे काम बांधणीच्या शेवटच्या टप्प्यावर, बहुधा एखाद्या दिवसात होण्यासारखं आहे.