चढायला दोन की चार, थांबायला मात्र चारच

नोव्हेंबर लागला की कॅनडात टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनकडच्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो: "आपली गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह आहे, म्हणजे चारही चाकं ढकलणारी, वर हायब्रिड, इंजिन आणि विद्युत मोटर दोन्ही असलेली. मग विंटर टायरवर आणखी पैसे कशाला घालायचे?" शेजारच्या क्युबेक प्रांतात हा वाद उद्भवत नाही. तिथे 1 डिसेंबर ते 15 मार्च विंटर टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. टोरांटोच्या ओंटारियो प्रांतात सक्ती नाही, म्हणून चर्चा रंगते. या चर्चेत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते, गाडी पुढे ढकलणं आणि गाडी थांबवणं.

आधी ढकलण्याबद्दल, कारण हायब्रिडमधली युक्ती खरोखर सुंदर आहे. जुन्या पद्धतीच्या गाडीत इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत न्यायला पोटाखालून लांब शाफ्ट फिरतो. टोयोटाच्या रॅव्हफोर हायब्रिडमध्ये हा शाफ्टच नाही. मागच्या ॲक्सलवर स्वतंत्र विद्युत मोटर असते आणि पुढून मागे जाते ती फक्त जाड नारिंगी केबल. 2019 साली आलेल्या पिढीत ही मोटर 40 किलोवॅटची आहे. त्याच वर्षीच्या टोयोटाच्याच ऑल-व्हील-ड्राइव्ह प्रियसमध्ये मागची मोटर अवघी 5.3 किलोवॅटची, म्हणजे जेमतेम 7 अश्वशक्तीची होती आणि ताशी 70 किलोमीटरच्या पुढे ती कामच करत नसे. खेळण्यातली मोटर वाटते ना? पण बर्फावर चाकाला कमी पडते ती पकड, ताकद नव्हे. ताशी 10 किलोमीटर वेगाला 5.3 किलोवॅटमधून हिशेबाने सुमारे 1900 न्यूटनचा रेटा मिळतो. दाबलेल्या बर्फावर त्या गाडीची मागची चाकं न घसरता एवढा रेटा घेऊच शकत नाहीत. म्हणजे मोटर पुरून उरते.

थंडीत गोठलेली बॅटरी नेहमीइतकी वीज देत नाही, तेव्हा इंजिन जनरेटर फिरवतं आणि ती वीज थेट मागच्या मोटरकडे जाते. शिवाय मोटरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, काही मिलिसेकंदांत कमी-जास्त करता येतो, त्यामुळे चाक गरगरायला लागण्याआधीच त्याला आवरता येतं.

आता चढ. 100 मीटर अंतरात 12 मीटर वर जाणारा रस्ता घ्या. त्यावर गाड्यांनी दाबून घट्ट केलेला बर्फ. ऑल-सीझन टायरचा अशा बर्फावरचा घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, साधारण 0.2 धरू, चांगल्या विंटर टायरचा 0.3. कोरड्या डांबरावर हाच आकडा 0.7-0.8 असतो आणि नुसत्या गुळगुळीत बर्फावर 0.1 किंवा त्याहूनही कमी. चढायला वजनाच्या 12 टक्के रेटा हवा. फक्त पुढची चाकं ढकलणाऱ्या गाडीचं चढावर सुमारे 57 टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं, म्हणून तिला मिळतात 0.2 गुणिले 57, म्हणजे 11.4 टक्के. थोडक्यात हुकलं, गाडी जागीच चाकं फिरवत बसणार. चारही चाकं ढकलणाऱ्या गाडीला पूर्ण 20 टक्के मिळतात आणि ती शांतपणे वर जाते. मालक खूश.

खरी गंमत उतारावर आहे. ब्रेक जगातल्या प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. तिथे ऑल-व्हील-ड्राइव्हचा फायदा शून्य. त्याच उतारावर ताशी 40 किलोमीटर वेगाने उतरताना ब्रेक दाबला, तर घर्षणाचे 20 टक्के उताराच्या 12 टक्क्यांशी झुंजतात आणि गाडी थांबवायला उरतात फक्त 8. वेगाचा वर्ग भागिले दुप्पट मंदन (वेग कमी होण्याचा दर) हे शाळेतलं सूत्र लावलं तर थांबायला जवळपास 79 मीटर लागतात. सपाट रस्त्यावर, त्याच टायरने, 31-32 मीटर पुरले असते. विंटर टायर घातले की उतारावर 18 टक्के उरतात आणि गाडी 35 मीटरांत थांबते. टायरची पकड दीडपट झाली, पण थांबण्याचं अंतर निम्म्याहून कमी झालं, कारण उतार आपला वाटा आधीच काढून घेतो. आणि ती चढावर अडकलेली बिचारी साधी गाडी? विंटर टायरवर तिला 17 टक्के मिळतात, तीही चढते.

या गणितात गाडीचं वजन कुठेच आलं नाही, ते दोन्ही बाजूंनी कटतं. त्यामुळे "आमची एसयूव्ही जड आहे, बर्फ चिरत जाते" हे थांबण्याच्या बाबतीत खरं नाही. काही जण गाडीला लिंबू-मिरची बांधतात, काही जण मागच्या दारावरच्या 'एडब्ल्यूडी' या अक्षरांवर भरवसा ठेवतात. घर्षण दोन्हींना सारखाच मान देतं. खंडाळ्याच्या घाटात पहिल्या पावसात गाडी घसरताना पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

टायर घेताना बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण हे चिन्ह आहे का, ते बघा. नुसतं 'एम प्लस एस' (चिखल आणि बर्फ) पुरेसं नाही. साधारण 7 अंशांखाली ऑल-सीझनचं रबर कडक व्हायला लागतं, विंटरचं मऊ राहतं आणि त्यातल्या बारीक चिरा बर्फ धरतात. खाचा 4 मिलिमीटरजवळ आल्या की बर्फासाठी टायर संपला. चारही बदला. फक्त पुढे घातले तर वळणावर मागचा भाग आधी सुटतो.

हवेचा दाबही तपासा. 20 अंशांना गॅरेजमध्ये 33 पीएसआय भरलेला टायर उणे 20 अंशांना साधारण साडेसव्वीसवर येतो, एक कणही हवा न गळता. सकाळी टायर गार असतानाच मोजायचं. इथे "नायट्रोजन भरा, मग दाब उतरत नाही" असं सांगणारे भेटतात. हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो आणि तापमानाचा नियम दोन्ही वायूंना सारखाच लागू होतो.

हायब्रिडची म्हणून काही वेगळी पथ्यं आहेत. ब्रेक हलका दाबला की आधी मोटर जनरेटर बनून गाडी रोखते. एखादं चाक घसरू लागलं की संगणक हे काम काढून घेऊन तेलाच्या दाबाच्या ब्रेककडे सोपवतो. त्या क्षणी गाडी पुढे सुटल्यासारखी वाटते. घाबरून पाय उचलू नका, दाबून ठेवा. निसरड्या रस्त्यावर 'बी' गिअर (ॲक्सिलरेटर सोडताच गाडी जोरात रोखणारा) आणि क्रूझ कंट्रोल दोन्ही टाळा. खोल बर्फात रुतलात आणि ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी ढिम्म हलत नसेल, तर ट्रॅक्शन कंट्रोल तात्पुरतं बंद करा, ते ताकद कापत असतं. बाहेर पडल्यावर आठवणीने पुन्हा चालू करा.

मोटरच बरंच रोखते म्हणून ब्रेकच्या डिस्क कमी घासल्या जातात. त्यात रस्त्यावरचं मीठ, मग गंज चढतो आणि कॅलिपरच्या (डिस्क आवळणाऱ्या भागाच्या) पिना जाम होतात. वर्षातून एकदा त्या साफ करून वंगण लावून घ्या. गाडी धुताना पोटाखालूनही पाणी मारायला सांगा, मागच्या मोटरच्या केबलचा सांधा तिथेच आहे. बॅटरीला हवा देणारी जाळी बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली असते, तिच्यावर ओले बूट आणि जॅकेटं टाकू नका.

थंडीत दहा मिनिटांच्या प्रवासात मायलेज का पडतं? केबिन गरम करायला इंजिनाचं गरम पाणी लागतं, म्हणून इंजिन बंदच होत नाही. हीटर दोन अंश खाली ठेवून सीट हीटर लावला तर फरक पडतो.

एक गोष्ट मात्र मायलेजपेक्षा फार गंभीर आहे. हायब्रिड 'रेडी' अवस्थेत गपचूप उभी असते आणि इंजिन मधूनच आपोआप सुरू होतं. एक्झॉस्ट पाइप बर्फात बुजलेला असेल किंवा गाडी बंद गॅरेजमध्ये असेल, तर विषारी कार्बन मोनॉक्साइड आत साठतो आणि त्याला वास नसतो. त्यामुळे काच खरवडायच्या आधी मागे जाऊन पाइप मोकळा करा आणि गाडी बाहेर काढल्यावरच गरम होऊ द्या.