तीनशे वर्षांची पोथी धड, आणि आजोबांच्या पुस्तकाचा भुगा का?

सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरात माळ्यावरची ट्रंक उघडली की दोन प्रकारची धार्मिक पुस्तकं हमखास निघतात. एक म्हणजे १९३०-४० च्या आसपास छापलेली, पिवळी पडलेली, पान उलटलं की कोपरा हातात येतो अशी. आणि दुसरी लाल कापडात गुंडाळलेली हाताने लिहिलेली पोथी, कुणी लिहिली, कुठून आली घरात कुणालाच माहीत नाही, पण पान अजून वाकतं, शाई अजून काळीकुट्ट. म्हणजे जे जास्त जुनं तेच जास्त धड! लोक म्हणतात देवाची कृपा, ती असेलही, पण यात केमिस्ट्री बरीच आहे आणि ती समजून घ्यायला काही फार अवघड नाही.

कागद म्हणजे सेल्युलोज. ग्लुकोजचे कण एकाला एक जोडून झालेली लांबच लांब माळ, आणि ही माळ जितकी लांब तितका कागद चिवट. आपल्याकडे जुना कागद व्हायचा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात, जुन्नरला वगैरे, आणि त्यात जायच्या सुती चिंध्या, ताग, जुने दोर, म्हणजे मुळातच लांब धाग्याचा माल. तो चुन्याच्या पाण्यात भिजवायचा, कुटायचा, लगदा चाळणीवर उचलून पत्रे वाळवायचे, वरून पिठाची खळ लावायची आणि मग अकीक किंवा शंखाने घोट घोट घोटायचं, त्याने कागदाची छिद्रं बुजतात आणि शाई फुटत नाही. चुन्याचा थोडा अंश कागदात राहून जायचा, आणि हाच तो खरा हीरो, कारण पुढे हवेतून किंवा शाईतून जे काही आम्ल येईल ते हा चुना मारत राहतो.

आता छापील पुस्तकाचं काय झालं, तर १८०७ मध्ये जर्मनीत इलिग नावाच्या माणसाने राळ आणि तुरटी वापरून कागदाला खळ द्यायची स्वस्त पद्धत आणली, पुढे १८४० च्या दशकात लाकूड दळून लगदा करायचं मशीन आलं, आणि कागद एकदम स्वस्त झाला. पण तुरटी आम्ल तयार करते आणि लाकडातलं लिग्निन उजेडात पिवळं पडतं. आम्ल त्या सेल्युलोजच्या माळेचे सांधे तोडत जातं, तोडताना आणखी आम्ल तयार होतं, म्हणजे एकदा सुरू झालं की वेग वाढतच जातो. बाकी तुम्ही पुस्तक उघडा की बंद ठेवा, आतल्या आत ते तुटतच असतं. त्यामुळे जुनं म्हणजे नाजूक हे गणित पोथ्यांच्या बाबतीत चालत नाही, नाजूक कोण ते वय ठरवत नाही, घटक ठरवतात आणि त्याहून जास्त आपण ठरवतो.

शाईचंही तसंच. पोथीची चांगली शाई म्हणजे दिव्याचं काजळ आणि बाभळीचा डिंक, भरपूर खललेलं. काजळ म्हणजे शुद्ध कार्बन, तो उन्हात उडत नाही, हवेने बदलत नाही, हजार वर्षांनीही काळाच. पण दुसरी एक शाई होती, हिरडा आणि हिराकस यांची, म्हणजे टॅनिन आणि लोहाचा सल्फेट. ही कागदात आत मुरते म्हणून पाण्याने सहसा धुपत नाही, पण बनतानाच हिच्यात गंधकाम्ल तयार होतं आणि शंभर-दोनशे वर्षांत अक्षर आहे तिथेच कागद जळून जाळी होते. चित्रांमधल्या जंगाली हिरव्या रंगाचंही हेच, त्यात तांबं असतं आणि ते कागद खातं. लाल ओळींना हिंगूळ, आणि चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासून वर परत लिहायचं. हरताळ म्हणजे आर्सेनिकचा सल्फाइड, तेव्हा जुन्या पोथीचं पान उलटताना बोटाला थुंकी लावायची सवय असेल तर प्लीज सोडा.

हे सगळं त्या काळच्या माणसांना माहीत नव्हतं असं कुणी म्हणालं तर त्याला सज्जनगडावर पाठवा. दासबोधातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास काढून बघा, अख्खा समास लिहायचं कसं यावर आहे, अक्षर कसं असावं, बोरू कुठले आणावेत, शाई-हिंगूळ यांचा साठा कसा करावा. त्यात समर्थ सांगतात की भोवती जागा सोडावी आणि मधेच लिहावं, म्हणजे कागद झडला तरी झडू दे, अक्षराला धक्का लागत नाही. सतराव्या शतकातली ही सूचना आजच्या कुठल्याही कॉन्झर्वेशन लॅबमध्ये भिंतीवर लावावी अशी आहे, कारण पोथीचं पान झिजतं ते नेहमी कडेकडून, बोटं तिथे लागतात, दमट हवा तिथून शिरते, कसर तिथून कुरतडायला लागते. पानाचा समास, म्हणजे कडेची ती मोकळी जागा, मुळात झिजण्यासाठीच ठेवलेली असते. आणि समर्थ संप्रदायाची बाडं आज वाचायला मिळतात त्याचं एक कारण म्हणजे शंकर श्रीकृष्ण देव, त्यांनी मठामठांतून ती जमवून धुळ्याला श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात ठेवली. आपल्याकडे वाईत प्राज्ञपाठशाळेतही हस्तलिखितांचा संग्रह आहे, अशा जागा आपल्या जिल्ह्यात आहेत हे आपल्याच पोरांना माहीत नसतं.

पोथ्या उतरवून काढणारे लेखक शेवटी एक श्लोक लिहायचे, किती पोथ्यांवर सापडतो बघा: "तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात् । मूर्खहस्ते न दातव्या एवं वदति पुस्तिका ॥" तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून वाचव आणि मूर्खाच्या हातात देऊ नको असं पोथी स्वतःच सांगते. मला हा श्लोक फार आवडतो कारण यातला एक शब्द फालतू नाही.

पाण्याचं बोलायचं तर आपला भाग म्हणजे प्रयोगशाळाच. महाबळेश्वर, पाटण, जावळीकडे पावसाळ्यात हवा इतकी ओली की भिंतींना बुरशी येते, आणि तिकडे माण, खटाव, आटपाडी, जत म्हणजे धूळ आणि ऊन. कागदाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, ६५-७० च्या वर गेली की बुरशी जागी होते, आणि शाईतला डिंक ओल धरून चिकट होतो, मग पानं एकमेकांना धरून अख्ख्या पोथीचा एकच गठ्ठा होतो. जतकडे बुरशी नाही पण उष्णतेचा मार आहे, तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की कागद खराब व्हायचा वेग दुप्पट होतो असा ढोबळ हिशोब धरतात. त्यात सगळ्यात वाईट म्हणजे चढउतार, कागद ओल पिऊन फुगतो, वाळून आकसतो, परत फुगतो, आणि शाईचा थर काही त्याच मापात फुगत-आकसत नाही, मग तो तडकतो. म्हणून ते जाड कापडाचं बासन आणि वर-खाली लाकडी फळ्या, घट्ट बांधलेलं. कापड ओल अडवत नाही पण हळू करतं, आतल्या हवेला झटके बसू देत नाही, शिवाय धूळ आणि उजेड बाहेर. लाल रंगाने किडे पळतात हे मात्र मी मनावर घेत नाही, काम करतं ते कापड आणि ती घट्ट गाठ. वेखंडाच्या पुरचुंडीचं वेगळं, वेखंडात असारोन नावाचं द्रव्य असतं आणि ते किड्यांना खरंच नकोसं होतं, फक्त त्याचा वास उडाला की पुरचुंडी बदलायची असते, आजीची ठेवलेली पुरचुंडी नातवाच्या काळात काय काम करणार.

आणि महापूर. २००५, २०१९, २०२१. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, घरं, दुकानं, ग्रंथालयं सगळीकडे शिरलं. पूर ओसरल्यावर लोक काय करतात तर पुस्तकं गच्चीवर उन्हात टाकतात. कळतं मला, दुसरं सुचत नाही त्या वेळी, पण कडक उन्हात कागद वेडावाकडा आकसतो आणि चिकटलेली पानं कायमची चिकटतात. भिजलेल्या कागदावर साधारण ४८ तासांत बुरशी धरायला लागते, म्हणजे सगळी शर्यत त्या दोन दिवसांची. १९६६ मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला पूर आला, लाखो ग्रंथ चिखलात गेले, आणि तिथून पुढे हे शास्त्र धडाधड वाढलं. आज मोठ्या प्रमाणावर ग्रंथ भिजले की सांगतात गोठवा. गोठलं की बुरशी थांबते, शाई पसरायची थांबते, आणि मग निर्वात यंत्रात बर्फाची थेट वाफ करतात, पाणी मधे द्रवरूपात येतच नाही त्यामुळे पानं फुगत-चिकटत नाहीत. आता सांगली-तासगाव म्हणजे बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचा पट्टा, पण बेदाण्याचं स्टोरेज गोठवण्याइतकं गार नसतं, बुरशी तिथे हळू होईल, थांबणार नाही, त्यापेक्षा आइस्क्रीमवाल्याचा उणे १८ अंशांचा डीप फ्रीझर उपयोगाचा. जिल्ह्याच्या पूर नियोजनात माणसं आणि जनावरं आधी, बरोबरच आहे, पण ग्रंथालयांसाठी अशा दहा फ्रीझरची यादी आधीच करून ठेवायला काय खर्च येतो?

एक-दोनच पोथ्या भिजल्या तर फ्रीझरची गरज नाही, सावलीत, पंख्याच्या हवेत, पानांमध्ये टीपकागद घालून आणि तो सारखा बदलत वाळवायच्या. चिकटलेली पानं ओढायची नाहीत, चिखल पुसायचा नाही, काजळाची शाई कागदावर नुसती बसलेली असते, डिंक विरघळला की कापडाबरोबर अक्षर निघून येतं.

तेलाची गोष्ट जरा गमतीची. समईजवळ पोथी ठेवून रोज वाचणार, तेलाचा हात लागणार, मग पान अर्धपारदर्शक होतं आणि मागच्या बाजूची अक्षरं पुढे दिसायला लागतात. का? कोऱ्या कागदात धाग्यांच्या मधे हवा असते, प्रकाश हवेतून धाग्यात शिरताना विखुरतो म्हणून कागद पांढरा दिसतो. तेल आणि सेल्युलोज दोघं प्रकाशाला जवळजवळ सारखंच वाकवतात, हवेची जागा तेलाने घेतली की विखुरणं थांबतं आणि प्रकाश आरपार. पुढे ते तेल हवेने तपकिरी आणि कडक होतं. अशा पानांचा इन्फ्रारेड कॅमेऱ्याने फोटो काढला तर तेलाचा आणि ओलीचा डाग बहुतेक गायब होतो आणि कार्बनची अक्षरं काळीच राहतात. हिराकसाची शाई मात्र इन्फ्रारेडमध्ये पुसट होते, तिला अतिनील प्रकाश लागतो. म्हणजे शाई कुठली आहे तेही यातून कळतं.

बरं, पोथीची पूजा करताना हळद-कुंकू थेट पानावर वाहायचं हे तर थांबवाच. हळदीतला कुरकुमिन अल्कलीत लाल होतो, हळदीला चुना लावून कुंकू करतात ते त्यामुळेच. आम्लाने खराब झालेला कागद वाचवायला चुन्यासारखी सौम्य अल्कली देतात, आणि हळदीचा डाग असलेलं पान त्यात गेलं की डाग लाल व्हायची भीती. वाहा की, बासनावर वाहा.

मूर्खहस्ते मध्ये तर आपण सगळेच आलो. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो आणि मग तो काढायचा म्हणजे पान जायची वेळ. लॅमिनेशन म्हणजे गरम प्लास्टिकमध्ये कायमचं कोंडणं, आत आम्ल आपलं काम करतच राहतं. हा शहाणपणा फक्त झेरॉक्सच्या दुकानातच झाला असं नाही, विसाव्या शतकात मोठमोठ्या अभिलेखागारांनीही कागदांवर सेल्युलोज ॲसिटेटच्या फिल्म चढवल्या, आणि पुढे त्या फिल्ममधूनच व्हिनेगरसारखं आम्ल सुटायला लागलं. आजचा नियम सोपा आहे, जे कराल ते उलटवता आलं पाहिजे. म्हणून फाटलेल्या जागी पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, पाण्याने कधीही सुटते. म्हणजे फिरून खळीवरच आलो.

फलटणला याहून टोकाचा उपाय झालाय. कर्नाटकात मूडबिद्रीला दिगंबर जैनांचे धवला वगैरे ग्रंथ ताडपत्रांवर होते, ते जीर्ण होत चालले म्हणून आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने ते तांब्याच्या पत्र्यांवर उतरवले गेले आणि ते ताम्रपट फलटणमध्ये आहेत. तांब्याला कसर लागत नाही, वाळवी लागत नाही, पण वजन बघा आणि वाचायला कोण उचलणार.

आता वय कसं ठरवायचं. लोकांना वाटतं कार्बन डेटिंग केलं की झालं. पण साधारण १६५० नंतरच्या वस्तूंना ते फारसं उपयोगी नाही, त्या काळात हवेतल्या रेडिओकार्बनचं (ज्याच्यावरून वय काढतात त्याचं) प्रमाण असं वरखाली झालंय की एकाच मोजणीतून सतरावं, अठरावं, एकोणिसावं अशी सगळीच शतकं निघू शकतात. म्हणजे समर्थकालीन म्हणून दाखवलेल्या पोथीला यंत्र हात टेकतं. तिथे कामाला येतं शेवटचं पान, जिथे लेखक शक, संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नाव), तिथी लिहितो. घरी करण्यासारखी तपासणी सांगतो: शकात १२ मिळवा, ६० ने भागा, जी बाकी उरेल तितकावा संवत्सर, प्रभव पहिला (बाकी शून्य आली तर शेवटचा, क्षय). शिवराज्याभिषेकाचं वर्ष घ्या, शके १५९६, अधिक १२ म्हणजे १६०८, बाकी ४८, अठ्ठेचाळिसावा आनंद. बरोबर. एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली तो शके १५०६, म्हणजे इसवी १५८४, बाकी १८, तारण, आणि त्यांनी लिहिलेल्या ओवीतही तारणनाम संवत्सरच आहे. तुमच्या घरच्या पोथीत शक आणि संवत्सर जुळत नसेल तर कुणीतरी उतरवताना चुकलंय किंवा कुणीतरी वय वाढवून सांगतंय. जुळलं तर लगेच निष्कर्ष काढू नका, उतरवणारा मूळ पोथीचीच तारीख जशीच्या तशी उतरवू शकतो. पण शेवटचं पान बाहेरच्या बाजूला असल्याने बहुतेक वेळा आधी तेच झडतं, तेव्हा बासन सोडलंच तर फ्लॅश बंद करून पहिला फोटो त्या पानाचा काढा, मग बाकीची.