तेलरंग उन्हात पाण्यासारखा उडत नाही

नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, तेलरंग तासाभरात वाळतो, म्हणून ओल्या रंगावर ओला रंग लावायचं, सुट्या फटकाऱ्यांचं इंप्रेशनिस्ट पोर्ट्रेट उन्हाळ्यात शिकूच नये, असं वर्षानुवर्षं सांगतात. हे खरं नाही. तेलरंगात उडायला पाणीच नसतं. असतं ते जवसाचं तेल, आपण चटणी करतो त्याच जवसाचं! ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. उष्णतेनं वेग वाढतो, तरी दिवस लागतातच. अंबर हा तपकिरी रंग त्यातल्या मँगनीजमुळे लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक हा काळा फार हळू. पातळ करायला घातलेलं टर्पेंटाइन मात्र उडतं, गोंधळ बहुधा तिथूनच झाला. तेव्हा कूलर लावा, मॉडेल बसवा. गालाच्या गुलाबीशेजारी सावलीचा हिरवट फटकारा ठेवा आणि कृपा करून रंग एकमेकांत घोटू नका. चेहरा मळतो तो घोटण्यानं.