यदृच्छ चाल (भौतिकीच्या अध्यापनातील)

पुढचे पाऊल कोणत्या दिशेला पडणार हे मागच्या पावलांवरून सांगता येत नाही, अशा पावलांनी झालेली वाटचाल म्हणजे यदृच्छ चाल. अशी ठरावीक पावले टाकल्यावर माणूस निघाल्या जागेपासून किती दूर असेल, हा प्रश्न ‘नेचर’ या नियतकालिकात १९०५ साली संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी मांडला. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी लगेच कळवले की, पावले पुष्कळ असतील तर याचे उत्तर आपण ध्वनिलहरींच्या निमित्ताने १८८० मध्येच काढले आहे. त्यावर पिअर्सन यांचा शेरा असा की, जेमतेम उभा राहू शकणारा झिंगलेला माणूस शोधायचा तर तो निघाला त्याच जागेच्या आसपास पाहावे. दारुड्याचे उदाहरण वर्गात आले ते तेव्हापासून.

शिकवायला लागते ते एक नाणे आणि आलेखाचा कागद. छापा पडला की एक घर वर, काटा पडला की एक घर खाली आणि दर फेकीला एक घर उजवीकडे. शंभर फेकी झाल्यावर रेघ शून्याशी, म्हणजे सुरुवातीच्या पातळीला, येईल आणि वाटेत सारखी वरखाली होईल, असा मुलांचा अंदाज असतो. प्रत्यक्षात बऱ्याच रेघा एका बाजूला जाऊन तिथेच रेंगाळतात. ‘सर, माझं नाणं खोटं आहे’ ही तक्रार इथेच येते. नाणे खरेच असते. शंभराव्या फेकीला नेमके शून्यावर असण्याची संभाव्यता जेमतेम ८ टक्के आहे. ‘इतके छापे पडले, आता काटा पडायलाच हवा’ हा समज मोडायला व्याख्यानापेक्षा हा कागद बरा.

खरी अडचण सरासरीची. एका रेषेवर चालणाऱ्या कणाची डावीउजवीकडची पावले सरासरीत एकमेकांना रद्द करतात, म्हणून सरासरी विस्थापन (सुरुवातीपासूनचे दिशेसह अंतर) शून्य. मग कण हललाच नाही का? यासाठी विस्थापनाचा वर्ग करून त्याची सरासरी काढतात. वर्ग उलगडला की प्रत्येक पावलाचा स्वतःचा वर्ग उरतो. दोन वेगळ्या पावलांचे गुणाकार कधी धन, कधी ऋण असल्याने सरासरीत शून्य होतात. म्हणून वर्गाची सरासरी पावलांच्या संख्येइतकी येते आणि नेहमीचे अंतर म्हणजे तिचे वर्गमूळ: १०० पावलांनंतर १० पावलांचे, १०,००० नंतर १०० चे. दुप्पट लांब जायचे तर चौपट वेळ. सूत्र आधी फळ्यावर लिहून टाकले की यातली गंमत जाते.

याचे भौतिकीतले रूप म्हणजे ब्राउनीय गती. रॉबर्ट ब्राऊन यांनी १८२७ मध्ये पाण्यात थरथरताना पाहिले ते परागकण नव्हेत, परागकणांच्या आतले बारीक कण. पाठ्यपुस्तकांत ही चूक अजून सापडते. काच आणि दगड यांच्या पुडीतही तीच थरथर दिसल्याने ती सजीवाची हालचाल नाही, हे त्यांनी ताडले. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये तिचा संबंध पाण्याच्या रेणूंच्या धडकांशी जोडला. एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचा कण १७ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात एका सेकंदात सुमारे ०.८ मायक्रॉन आणि एका मिनिटात सुमारे ६ मायक्रॉन सरकेल, हे त्यांचे गणित. ६० पट वेळ, पण अंतर जवळपास ८ पटच. कणाचा वेग मोजू पाहणाऱ्यांची फसगत का होई, हेही यातून कळते: मोजणीचा काळ जितका कमी, तितका वेग जास्त निघतो.

झां पेरँ यांनी राळेच्या कणांच्या जागा दर ३० सेकंदांनी टिपून हे सिद्ध केले आणि त्यावरून आव्होगाड्रो संख्या (एक मोल पदार्थातल्या रेणूंची संख्या) काढली. त्यांना १९२६ चे नोबेल मिळाले. त्यांची वाकडीतिकडी आकृती मात्र जपून दाखवावी. बिंदू जोडणाऱ्या सरळ रेषा कणाची वाट नाहीत. दर सेकंदाला जागा टिपली, तर प्रत्येक रेषेच्या जागी तितकीच गुंतागुंतीची तीस बाजूंची रेघ येईल, हे पेरँ यांनीच बजावले आहे.

पुढे खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४३ च्या आपल्या प्रदीर्घ लेखात याच चालीपासून सुरुवात करून ताऱ्यांच्या गतीपर्यंत मजल मारली. पदव्युत्तर वर्गासाठी तो अजूनही उत्तम आहे.

शाळेत मात्र दुधाचा थेंब पुरतो. भरपूर पाणी घातलेले दूध सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट मोठे करून पाहिले की स्निग्धांशाचे गोळे थरथरताना दिसतात. सगळे गोळे एकाच दिशेला सरकू लागले, तर ती ब्राउनीय गती नव्हे. काचेखालचे पाणी वाहते आहे. कडा व्हॅसलीनने बंद करून पुन्हा पाहावे.